चार बावन्नची यादी

९ मे

उत्तर आलं. अकरा महिन्यांनी!

दोन ओळी. ‘आपला पसंतीक्रम अंतिम दिनांकास दुपारी ४ वाजून ५२ मिनिटांनी, आपल्या नोंदणीकृत मोबाइलवर पाठवलेल्या ओटीपीद्वारे बदलून लॉक करण्यात आला. प्रणालीत दोष आढळून आला नाही. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’

निकाली! छान.

म्हणजे वर्षभर मी त्या वेबसाइटला उगाच शिव्या घातल्या. तिकडे कुणीतरी गाढव बसलंय, सर्व्हरला म्हातारचळ लागलाय — भेटेल त्याला हेच ऐकवलं. यंत्रानं काही केलेलं नाही. माणसानं केलंय. ओटीपी टाकून, व्यवस्थित.

आणि माझा नोंदणीकृत मोबाइल म्हणजे दुकानाचा फोन.

आज पुढे लिहवत नाही.

१० मे

लिहवतं. डोकं आता थंड आहे. इतकं थंड की माझं मलाच नवल वाटतंय.

नीट मांडते. आमचं दुकान झेरॉक्सचं, लॅमिनेशनचं, पण पोट भरतं ते फॉर्मांवर. देशातली सगळी सरकारी विद्यापीठं, त्यांची एकच परीक्षा, एकच रँक, एकच वेबसाइट. लोकांना ती जमत नाही, म्हणून ते आमच्याकडे येतात. बाबा म्हणतात, घरी भरलेला फॉर्म म्हणजे घरी कापलेले केस. दोन कॉम्प्युटर. एकावर मी, दुसऱ्यावर आई. बाबा लॅमिनेशनवर. आणि दादाच्या हातात फोन.

गिऱ्हाइकाचा स्वतःचा नंबर टाकला की हमखास घोळ होतो. फोन घरी राहतो, बॅटरी मरते, कुणीतरी मावशी उचलते आणि म्हणते राँग नंबर. म्हणून आम्ही सगळ्यांच्या फॉर्मवर दुकानाचाच नंबर टाकतो. टाकू नये. पण या लाइनीतली सगळी दुकानं टाकतात. ओटीपी आला की दादा मोठ्यानं वाचतो, आम्ही टाइप करतो. मेसेजमध्ये नाव नसतं, नुसते सहा आकडे.

माझ्याही फॉर्मवर तोच नंबर होता. घरचाच तर फोन!

गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी चार वाजता, दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये, मी स्वतः माझी यादी उघडून पाहिली होती. पहिली पसंती राजधानीतलं विद्यापीठ, वास्तुकला. दुसरी, तिसरी, चौथी — सगळी वास्तुकलाच. माझी रँक चारशे बारा. त्या वर्षी पाचशे तीसपर्यंतच्या मुलांना तिथे जागा मिळाली. मला डोळे मिटून मिळाली असती.

पाच वाजता साइट बंद झाली. बंद व्हायच्या आठ मिनिटं आधी कुणीतरी माझी यादी पुसली आणि ही टाकली — एक, गृहविज्ञान, सकाळची बॅच. दोन, वाणिज्य, संध्याकाळची बॅच. तीन, वस्त्रशास्त्र व शिवणकाम, बसस्टँडमागचं केंद्र. चार, ग्रंथालय पदविका.

शिवणकाम! मला! सुईत दोरा ओवायला मला आई लागते.

मग तो मेसेज. ‘अभिनंदन! आपणास आपल्या पहिल्या पसंतीची जागा मिळाली आहे.’ पहिल्या पसंतीची जागा मिळाली की पुढच्या फेऱ्या बंद, असा नियम आहे. समाधानी माणसाला दुसरी फेरी कशाला? तेव्हापासून मी समाधानानं पीठ तोलतेय. कापडावरचे डाग कसे काढावेत यावर एक अख्खी वही भरलीय.

११ मे

चारही ठिकाणं एका बसच्या अंतरावर. सकाळी जाऊन दुपारी दुकानात परत येता येईल अशी. किंवा दिवसभर दुकान बघून संध्याकाळी जाता येईल अशी. ज्यानं यादी केली त्याला मी घरात हवी होते. माझ्या आयुष्याचं टाइमटेबल दुकानाच्या टाइमटेबलवरून आखलंय!

बाबा माउसला हात लावत नाहीत. त्यांना तो चिकट वाटतो. आईला एक यादी भरायला पाऊण तास लागतो.

राहिला कोण?

त्याच आठवड्यात तो म्हणाला होता — ‘तू गेलीस की मी मेलोच. हा ढीग कोण उपसणार?’ हसत म्हणाला होता. हसत! त्यालाही जायचंय ना. पशुवैद्यकाला. गेल्या वर्षी थोडक्यात हुकलं त्याचं. दोघांपैकी एकालाच सोडता येईल हे आमच्याकडे कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. मी गेले असते तर तो कायमचा अडकला असता. म्हणून मला अडकवलं.

हुशार आहे. मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळच.

१३ मे

दादानं माझ्यापुढे चहा आणून ठेवला. मी प्यायले नाही. थंड होऊ दिला आणि दारातल्या त्याच्या लाडक्या कुत्र्यापुढे ओतला. कुत्र्यानंही नुसता हुंगला!

१८ मे

आज सहज विचारल्यासारखं विचारलं. तो झेरॉक्स मशीनमधला अडकलेला कागद ओढत होता.

‘दादा, गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी ओटीपी कोण वाचत होतं?’

‘मीच की. घसा बसला होता माझा. दोन दिवस बदकासारखा बोलत होतो. का गं?’

‘सहज.’

‘तुझ्या तक्रारीचं काही आलं का?’

‘नाही.’

‘येईल, मॅडम. सरकारी काम आहे. तुझ्या नातवंडांना येईल.’

आणि कागद ओढून काढून, चुरगळून, माझ्या डोक्यावर टाकला. इतकं निर्मळ तोंड करून! एवढं नाटक जमतं तर याच्या यादीत नाट्यशास्त्रच टाकायला हवं.

२२ मे

रँक लागल्या.

परीक्षा मी पुन्हा दिली होती, दादानंही. माझी पाचशे नऊ. गेल्या वर्षीपेक्षा खाली, पण आशा आहे. यंदा माझ्या फॉर्मवर माझा स्वतःचा नंबर. नवं सिमकार्ड. ते कुठे ठेवते हे या वहीलाही सांगणार नाही.

दादाची अकराशे ऐंशी. पशुवैद्यकाची गेल्या वर्षीची शेवटची रँक बाराशे चाळीस. म्हणजे मिळणार! आईनं त्याची दृष्ट काढायचीच बाकी ठेवली. बाबांनी चक्क लॅमिनेशनचं मशीन बंद केलं. भर गर्दीत, बाबांनी!

पंचविशीच्या आतच अर्ज करता येतो. डिसेंबरात त्याला पंचवीस पूर्ण होतात. ‘यंदा नाही तर कधीच नाही,’ तो म्हणाला. ‘मग मी कुत्र्यांचे फॉर्म भरत बसेन.’

सगळे हसले. मीही हसले. सगळ्यांच्या मागून.

यंदा नाही तर कधीच नाही. हे वाक्य मी दिवसभर मनात घोळवलं. चांगलं वाक्य आहे.

२६ मे

त्यानं त्याची यादी माझ्याकडूनच भरून घेतली! ‘तू एक्स्पर्ट,’ म्हणे. शेजारी स्टूल ओढून बसला.

फक्त तीन नावं. तिन्ही पशुवैद्यक. पहिलं डोंगराकडचं विद्यापीठ; तिथे म्हणे गुरांचा मोठा दवाखाना आहे.

बाबा मागे उभे. ‘खात्रीचं पहिलं टाक रे. वर मोठं मोठं मागितलं तर खालचंही देणार नाहीत.’

हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. दिवसातून चाळीस वेळा सांगते मी हे लोकांना. तेच बाबांना सांगितलं — ‘बाबा, मशीन वरून खाली बघतं. पहिलं बसलं तर पहिलं, नाही तर दुसरं. वरचं मागितलं म्हणून खालचं जात नाही. पण सोपं वर टाकलं की संपलं, तेच गळ्यात पडतं आणि वरून अभिनंदनही होतं.’

‘तुझ्यासारखं,’ दादा हळूच म्हणाला. आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

पाठीवर हात! मी खुर्ची पुढे सरकवली.

‘खाली आणखी काही टाकू? सुरक्षित?’

‘नको. मिळालं तर हेच. नाही तर हे दुकान आहेच.’

यादी सेव्ह केली. शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येते.

काय करायचं ते स्टुलावर तो शेजारी बसलेला असतानाच ठरलं. फार विचार करावा लागला नाही. त्याची यादी त्यालाच परत द्यायची. तीच चार नावं, त्याच क्रमानं.

३ जून

तुडुंब गर्दी. एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलाला वकील व्हायचंय, गृहस्थांना नाही.

‘तुम्ही पहिल्या नंबरला शेतकी टाका. वकिली टाकली तर साहेब रागावतील.’

‘कोण साहेब?’

‘आतले. वेबसाइटचे.’

मुलगा माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच ती आतली साहेब. मी वकिली पहिल्या नंबरला टाकली, लॉक केली आणि स्क्रीन गृहस्थांकडे वळवून म्हटलं, ‘काका, हवं तसं झालं.’ मुलाला तेवढं कळलं.

लोकांची आयुष्यं माझ्या बोटांखालून जातात. दिवसाला तीस-चाळीस. एक इकडचं तिकडे केलं तर कुणाला पत्ता लागणार नाही. आजवर असलं काही मनात आलं नव्हतं. आता येतं. ही देणगी कुणाची, ते मला माहीत आहे.

६ जून

दादा पहाटे उठून कुत्र्याच्या पायाला पट्टी बांधत होता. कुणाच्या तरी सायकलखाली आलेला पाय. कुत्रं कण्हत होतं आणि हा त्याच्याशी बोलत होता — ‘झालं हं, झालं महाराज. अजून एक गाठ. डॉक्टर नवीन आहेत, सांभाळून घ्या.’

मी खिडकीतून बघत होते. जरा जास्तच वेळ.

लगेच डागांची वही उघडली. पान पहिलं — ‘शाईचे डाग.’ पुरतं उजाडेपर्यंत वाचत बसले. 

९ जून

आईला कसली तरी चाहूल लागलीय. ‘दादाशी तुझं काय बिनसलंय का गं?’

‘काही नाही.’

‘गेला की मग रडशील बघ. तू लहान असताना त्याच्याच कडेवर असायचीस. खाली ठेवलं की किंचाळायचीस.’

‘आता किंचाळत नाही.’

‘हो ना,’ आई म्हणाली, ‘हल्ली तू बोलतच नाहीस.’

१२ जून

झालं.

सगळं लिहिते, म्हणजे पुढे मनाला वेगळं काही आठवायला नको.

सकाळपासून रांग थेट चपलांच्या दुकानापर्यंत. एका स्क्रीनवर चार-चार जणांची खाती उघडी. बाबा टोकन वाटत होते, आई पंखा आपल्याकडे वळवत होती. प्रिंटरनं तीनला मान टाकली, तेव्हापासून मी सगळ्यांना ‘प्रिंट नंतर न्या’ सांगत होते. शेवटच्या दिवशी हे दर वर्षीचंच. दादा काउंटरच्या कोपऱ्यावर उभा, फोन नाकाशी धरून आकडे ओरडत होता. आजही त्याचा घसा बसलेला.

पावणेपाचला मी त्याचं खातं उघडलं. पासवर्ड लाल वहीत असतो, सगळ्यांचाच असतो. तिन्ही नावं पुसली. गृहविज्ञान, सकाळची बॅच. वाणिज्य, संध्याकाळची. वस्त्रशास्त्र व शिवणकाम. ग्रंथालय पदविका. मग थांबले. घड्याळ बघत. समोरच्या बाई म्हणाल्या, ‘ताई, माझं होईल ना वेळेत?’ मी म्हटलं, ‘एक मिनिट.’ खरोखर एकच मिनिट होतं.

चार बावन्न झाले. ‘लॉक’ दाबलं.

आणि त्याच्या हातातला फोन वाजला. त्यानं नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं — ‘सात शून्य तीन, एक एक आठ! कुणाचा?’

‘माझा!’ मी म्हटलं.

‘सात शून्य तीन, एक एक आठ, मॅडम! पटकन!’

टाकला. लॉक झालं.

त्यानं स्वतःच्या तोंडानं वाचून दिला! एवढं मी ठरवलंही नव्हतं. हे वरून मिळालं. त्या बाईंचा फॉर्म चार अठ्ठावन्नला गेला. पाच वाजता साइट बंद झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दर वर्षी वाजवतो तशा. दादानं माझ्यासमोर तळहात धरला. मी टाळी दिली.

१३ जून

दुकान बंद. दर वर्षी शेवटच्या दिवसानंतर एक दिवस बंद ठेवतो. दुपारपर्यंत झोपले. उठून पश्चात्ताप शोधला. सापडला नाही.

१९ जून

आई त्याच्यासाठी स्वेटर शोधते आहे. डोंगराकडे थंडी असते म्हणून.

२४ जून

निकाल.

माझा फोन आधी वाजला. राजधानीतलं विद्यापीठ, वास्तुकला, पहिली पसंती. शेवटून सातवी असेन. असेना! मी खाली बसले. आईनं मला धरलं, बाबांनी आईला धरलं. दादा काउंटरवरून उडी मारून आला आणि मला उचलून गरागरा फिरवलं. ‘बघितलंस! बघितलंस! एक वर्ष उशिरा, पण घेतलंस की नाही!’

मग दुकानाचा फोन वाजला. निकालाच्या मेसेजवर नाव असतं; यावर त्याचंच होतं. त्यानं सवयीनं मोठ्यानंच वाचायला घेतलं.

‘अभिनंदन. आपणास आपल्या पहिल्या पसंतीची जागा. गृह —’

थांबला. पुन्हा वाचलं, मनात. मग त्यानं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. आईकडे नाही, बाबांकडे नाही. सरळ माझ्याकडे.

मीही बघितलं. नजर हटवली नाही. याच क्षणासाठी केलं होतं.

२५ जून

मागच्या खोलीत, कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये, तो माझी वाट बघत बसला होता.

‘ही तुझी यादी आहे,’ तो म्हणाला. ‘गेल्या वर्षीची. तीच चार.’

‘हो.’

‘चार बावन्न.’

‘वेळही बघितलीस म्हणजे.’

‘साइटवर दिसतं ते.’ त्यानं एक गठ्ठा बाजूला सरकवला. ‘तुला वाटतं, मी केलं?’

‘वाटत नाही. माहीत आहे. उत्तर आलंय त्यांचं. ओटीपी दुकानाच्या फोनवर आला होता. फोन तुझ्या हातात होता.’

‘त्या दिवशी दोनशे ओटीपी आले असतील गं. मी नुसते आकडे वाचत होतो. कुणाचे ते मला कसं कळणार?’

‘मग कुणी केलं?’

‘माहीत नाही.’

‘बाबांनी? आईनं?’

‘माहीत नाही म्हटलं ना!’ एवढंच ओरडला. मग हळू — ‘मला आधी विचारायचंस. नुसतं विचारायचंस.’

‘विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास?’

‘नाही म्हणालो असतो.’

‘बघ!’

तो उठला. दारात थांबून म्हणाला, ‘वस्त्रशास्त्र माझ्या डोक्यात तरी आलं असतं का गं?’ आणि गेला. 

२६ जून

त्यानं आई-बाबांना सांगितलं की चूक त्याचीच. गर्दीत स्वतःची यादी उघडली, कुणाची तरी भरली, बघितलंच नाही. ‘माझंच लक्ष नव्हतं,’ म्हणाला. बाबा उठून लॅमिनेशनच्या मशीनपाशी गेले. आई म्हणाली, ‘आधी पोरीचं तसं, आता तुझं असं. या दुकानालाच कुणाची नजर लागलीय.’

माझं नाव घेतलं नाही त्यानं.

का? निरपराध माणूस घर डोक्यावर घेतो. मी वर्षभर घेतलं नव्हतं? हा गप्प, कारण तोंड उघडलं तर त्याचं जुनं निघेल. गप्प बसणं म्हणजे कबुलीच. मी त्याच्या गप्प बसण्याला फसणार नाही.

२७ जून

हे कालचं पुन्हा वाचलं. पटतंय. अगदी पटतंय.

३० जून

तो तक्रारही करत नाहीये! मी करून दिली असती. नमुना पाठ आहे माझा. ‘कशाला?’ म्हणाला. ‘अकरा महिन्यांनी उत्तर येईल. तोवर वय गेलं.’

जेवताना मला मीठ पुढे केलं. बोलत नाही, पण मीठ पुढे करतो. भांडला असता तर बरं झालं असतं. बरोबरी झाल्यासारखं वाटलं असतं. असं वाटतंय की मी जिंकले आणि समोर कुणी खेळतच नव्हतं.

बॅग भरायला घेतलीय. सात तारखेला जायचं. तोवर दुसऱ्या फेरीचं काम बघून जा, बाबा म्हणाले. बघते. शेवटचं.

२ जुलै

बाबा त्याला लॅमिनेशन शिकवत होते. ‘हवा राहता कामा नये आत. एकदा फुगा राहिला की जन्माचा राहतो.’ तो मान हलवत होता. पायाला पट्टी बांधलेलं कुत्रं दारात बसलं होतं, आत येऊ की नको करत.

मी बघत होते आणि म्हणत होते — बरोबर झालं. बरोबरच झालं. मनात म्हणायला लागतंय, हेच आवडलं नाही.

४ जुलै

दुसऱ्या फेरीचा पहिला दिवस. गर्दी नाही. एक मुलगी आली, माझ्याच वयाची, घामाघूम.

‘ताई, उरलेल्या जागांसाठी भरता येतं ना? गेल्या वर्षीही तुम्हीच भरला होता, शेवटच्या दिवशी. किती पटापट टाइप केलंत! प्रिंट नंतर न्या म्हणालात. दुसऱ्या दिवशी आले तर दुकान बंद. मग काही आलंच नाही. म्हटलं, आपली कुठली रँक!’

तिचं जुनं खातं उघडलं. गेल्या वर्षीची यादी कोरी. काहीच भरलेलं नाही, काहीच लॉक केलेलं नाही.

‘आई अंथरुणाला आहे,’ ती म्हणाली, ‘बसनं जाऊन येता येईल असंच हवं. लिहा — गृहविज्ञान, सकाळची बॅच. मग वाणिज्य, संध्याकाळची. आणि —’

ती आठवायला थांबली. तिसरं मी टाइप केलेलं होतं.

‘अय्या, तुम्हाला कसं कळलं?’

गेल्या वर्षी चार वाजता मी माझं खातं उघडलं होतं. बंद केल्याचं आठवत नाही.

दादा शेजारी उभा होता, हातात फोन धरून, ओटीपीची वाट बघत.